लीडचे पैसे वसूल होतात का? पिंपरी-चिंचवडच्या दोन डीजे भावांचा सात महिन्यांचा हिशेब

हे प्रकरण एका लहान डीजे व्यवसायाचं आहे. व्यवसायाचं नाव आणि ओळखीच्या खुणा काढल्या आहेत, लीड, म्हणजे चौकशी करणाऱ्या गिऱ्हाइकाचा नंबर, विकणाऱ्या दोन वेबसाइटना इथे ‘अ’ आणि ‘ब’ म्हटलं आहे. रकमा त्यांच्या वहीतून घेतल्या असून सोयीसाठी काही ठिकाणी पूर्णांकात केल्या आहेत.

पार्श्वभूमी

व्यवसाय दोन भावांचा. धाकटा कन्सोलवर असतो, थोरला गाडी, वायरिंग आणि पोरं सांभाळतो. सामान असं: १५ इंची दोन टॉप स्पीकर, १८ इंची दोन बेस स्पीकर, दोन चॅनेलचा कंट्रोलर, दोन कॉर्डलेस माइक, आठ एलईडी पार लाइट, दोन शार्पी (झोताचे फिरते लाइट), एक फॉग मशीन. सगळं एका छोटा हत्तीत बसतं आणि शंभर ते तीनशे माणसांच्या कार्यक्रमाला पुरतं. वाढदिवस, हळद, संगीत, सोसायटीचं स्नेहसंमेलन, कंपनीची पार्टी ही त्यांची कामं. मिरवणुकीत ट्रकवर स्पीकरची भिंत लावण्याचा धंदा ते करत नाहीत. हा फरक पुढे महत्त्वाचा ठरला, कारण आपल्याकडे ‘डीजे’ म्हटलं की निम्म्या लोकांच्या डोळ्यांपुढे ती भिंतच येते.

वाढदिवसाच्या सुपारीला, म्हणजे ठरलेल्या कामाला, खर्च ३,८०० रुपये: दोन पोरं प्रत्येकी ८००, टेम्पो १,८००, जेवण-चहा-पार्किंग ४००. हळदीला तो ४,८०० आणि संगीत किंवा कंपनीच्या पार्टीला ५,५०० पर्यंत जातो. यात सामानाची झीज नाही.

आदल्या हंगामात त्यांनी ५४ कामं केली. त्यातली १८ लग्नकार्याच्या एकाच लॉन्सकडून आली होती, सरासरी २०,००० रुपयांची. मॅनेजरला दहा टक्के कट द्यायचा, तारीख मिळायची. बाकीची कामं दोन फोटोग्राफर, एक मांडव-डेकोरेशनवाला आणि जुनी गिऱ्हाइकं यांच्याकडून.

अडचण

सप्टेंबरमध्ये लॉन्सच्या मालकाने स्वतःचा इन-हाउस डीजे ठेवला. बाहेरचा आणायचा तर गिऱ्हाइकाने वर ८,००० रुपये रॉयल्टी भरायची. वीस हजारांच्या कामावर आठ हजारांचा बोजा म्हणजे दार बंदच. वर्षाच्या एक तृतीयांश कामांना एका फोनवर कात्री लागली आणि तुळशीच्या लग्नाला जेमतेम दोन महिने उरले होते.

एक गोष्ट त्या वेळी दोघांच्याही ध्यानात आली नाही. त्यांच्या वहीत दोन प्रकारच्या तारखा होत्या. मोठ्या मुहूर्ताच्या तारखा दरवर्षी कुठून ना कुठून भरायच्याच. त्या दिवशी शहरात डीजे शोधून सापडत नाही. कोऱ्या राहायच्या त्या आडवारच्या तारखा, पौषातले शनिवार-रविवार आणि आषाढी एकादशीनंतरचे चार महिने. लॉन्स गेल्यामुळे ‘कामं’ कमी झाली असं ते म्हणत होते. खरं तर कोऱ्या तारखा वाढल्या होत्या, आणि त्या नेमक्या कोणत्या हे कुणी कॅलेंडर उघडून पाहिलं नाही.

समोरचे पर्याय

फोटोग्राफर आणि डेकोरेशनवाल्यांना जास्त कट देऊन कामं वाढवणं हा पहिला मार्ग. काम झाल्यावरच पैसे जातात, म्हणून जोखीम शून्य. पण नवी ओळख पिकायला एक हंगाम लागतो. दुसरा, लग्नाच्या डिरेक्टरी वेबसाइटवर वरच्या क्रमांकाची जागा विकत घेणं. तिथलं गिऱ्हाईक फोटो बघून ठरवतं आणि यांच्याकडे मोबाइलवर काढलेले अंधारे फोटो होते. तो पर्याय योग्य कारणाने बाजूला पडला.

तिसरा गूगलवरचं बिझनेस प्रोफाइल नीट करणं. फुकट काम, पण प्रोफाइलवर जेमतेम नऊ रिव्ह्यू आणि पत्ता जुना.

उरल्या दोन लीड साइट. ‘अ’ची पद्धत अशी: वर्षाचं पॅकेज, आठवड्याला सुमारे बारा लीड. गिऱ्हाईक वेबसाइटवर ‘डीजे’ शोधतं, फॉर्म भरतं, आणि तोच नंबर एकाच वेळी चार-पाच व्यावसायिकांकडे जातो. ‘ब’वर आधी क्रेडिट भरून ठेवायचं, आलेल्या चौकशीची तारीख, भाग आणि कार्यक्रमाचा प्रकार दिसतो, आवडली तर क्रेडिट खर्चून नंबर उघडायचा. वाढदिवसाचा नंबर १८० रुपयांना, लग्नाचा ३५० पर्यंत.

‘ब’ महाग वाटली. एका नंबरला साडेतीनशे, आणि तोही फोन उचलेलच असं नाही! ‘अ’ची लीड गुणाकार केला तर सत्तर रुपयांच्या आसपास पडत होती. या तुलनेवर निर्णय झाला, आणि तुलनाच चुकीची होती. डीजेला नंबर विकायचे नसतात, तारखा विकायच्या असतात.

करार झाला तो दिवस

‘अ’चा एक्झिक्युटिव्ह २० ऑक्टोबरला घरी आला. त्याचा हिशेब तोंडपाठ होता: वर्षाला ६२४ लीड, पाच टक्के जरी जमल्या तरी ३१ सुपाऱ्या, पंधरा हजारांनी ४,६५,००० रुपये. पॅकेज ३६,०००, त्यावर १८ टक्के जीएसटी ६,४८०, एकूण ४२,४८०. निम्मे लगेच, उरलेले ३,५४० रुपयांच्या सहा हप्त्यांत बँकेतून आपोआप. भावांची उलाढाल २० लाखांच्या आत असल्याने त्यांची जीएसटी नोंदणी नाही. त्यामुळे ते ६,४८० रुपये कुठेच वळते होत नाहीत, सरळ खर्चात जातात. बऱ्याच लहान व्यावसायिकांना हे पहिलं बिल हातात आल्यावर कळतं.

फॉर्म एक्झिक्युटिव्हनेच आपल्या टॅबवर भरला. त्यात अकरा प्रकारांवर खूण झाली. ‘डीजे’, ‘साउंड भाड्याने’, ‘डीजे क्लास’, ‘डीजे सामान विक्री’, ‘ऑर्केस्ट्रा’, सगळंच. भाग म्हणून अख्खा पुणे जिल्हा. जितकं जास्त तितकं चांगलं असं सगळ्यांनाच वाटत होतं. लीड चुकीची निघाली तर सात दिवसांत अ‍ॅपवरून तक्रार करून बदली मागता येते, ही अट कराराच्या तिसऱ्या पानावर होती. ते पान नवव्या आठवड्यात वाचलं गेलं.

पहिले दहा आठवडे

११८ लीड आल्या, म्हणजे आकड्यात ‘अ’ने शब्द पाळला. ३१ जणांनी फोन उचलला नाही किंवा नंबर चुकीचा होता. २४ जणांना वेगळंच हवं होतं. कुणाला फक्त दोन स्पीकर भाड्याने, कुणाला मुलासाठी क्लास, एकाला जुना मिक्सर. १७ जणांना मिरवणुकीची भिंत हवी होती किंवा कार्यक्रम बारामती-नारायणगावकडे होता, जिथे टेम्पोभाडंच पाच हजारांवर जातं. २९ जणांनी दर विचारला आणि ते गायब झाले. खरं बोलणं, म्हणजे तारीख, जागा आणि माणसं ठरलेलं, फक्त १७ जणांशी. त्यातून चार सुपाऱ्या: ७,०००, ६,५०० आणि ८,००० चे तीन वाढदिवस, १४,००० ची एक हळद.

आता हे जरा जवळून पाहू. दहा आठवड्यांचा पॅकेजचा वाटा साधारण ८,१७० रुपये, म्हणजे सुपारीमागे २,०४०. वीस हजारांच्या संगीतावर हा भार मॅनेजरच्या कटाइतकाच आहे, बोचत नाही. पण वाढदिवसांतून खर्च जाऊन सरासरी ३,३७० रुपये उरले होते. त्यातून लीडचा वाटा गेला की हातात १,३३०. संध्याकाळी चारला गाडी भरायची, रात्री एकला रिकामी करायची, त्याचे तेराशे तीस रुपये दोन भावांत.

एवढे कमी का जमले, याचं उत्तर फोनच्या कॉल-लॉगमध्ये सापडलं. ११८ पैकी ५२ लीड शुक्रवार संध्याकाळ ते रविवार रात्र या वेळेतल्या. लोक सुट्टीच्या दिवशी घरात बसून कार्यक्रम ठरवतात, त्यामुळे हे साहजिक आहे. पण नेमका तेव्हाच धाकटा कन्सोलवर आणि थोरला डीबीपाशी (विजेच्या जोडणीच्या पेटीपाशी) असतो. बेस चालू असताना फोन वाजलेला कळत नाही, कळला तरी बोलता येत नाही. ५२ पैकी ३९ जणांना पहिला फोन चार तासांनंतर गेला. तोवर उरलेल्या चार डीजेंनी त्या माणसाला भंडावून सोडलेलं. पाचवा अनोळखी नंबर तो उचलेल कशाला? जमलेल्या चारही सुपाऱ्यांना मात्र पंधरा मिनिटांच्या आत फोन गेला होता.

दुसरं कारण बोलण्यात होतं. “दादा, डीजेचा रेट काय?” असं कुणी विचारलं की धाकटा म्हणायचा, “आठ हजारांपासून पुढे.” समोरचा “बरं, कळवतो” म्हणून ठेवायचा. आठ हजारांत काय, कुठे, किती वेळ, हे ना याने सांगितलं ना त्याने विचारलं.

आणि एक फटका वहीत दिसलाच नाही. १४,००० ची हळद नोव्हेंबरअखेरच्या एका मोठ्या मुहूर्तावर घेतली होती. दहा दिवसांनी जुन्या फोटोग्राफरने त्याच तारखेचं २६,००० चं संगीत आणलं. दुसरा सेट नव्हता. काम ओळखीच्या डीजेकडे वळवलं, २,००० रुपये कट मिळाला. संगीतातून २०,५०० उरले असते. हळदीतून ९,२०० आणि कटाचे २,००० आले. म्हणजे ९,३०० रुपयांचं नुकसान, तेही घाईघाईने भरलेल्या अशा तारखेवर जी रिकामी राहणारच नव्हती.

काय बदललं

डिसेंबरच्या शेवटी पॅकेज बंद करावं का यावर घरात वाद झाला. थोरल्याचं म्हणणं, बँकेत जाऊन हप्ता थांबवू. ते शक्य होतं, पण करार वर्षाचा होता आणि हप्ता थांबवला म्हणून देणं संपत नाही. कंपनीकडे पैसे परत मागितले, तिने त्याऐवजी जादा लीड देऊ केल्या. नको असलेल्या मालाची भरपाई म्हणून तोच माल आणखी! शेवटी पॅकेज चालू ठेवून वापर बदलायचा असं ठरलं. आमच्या मते तेव्हाच्या परिस्थितीत हे बरोबर होतं. गेलेले पैसे गेले, उरलेल्या महिन्यांतून काय काढता येईल तेवढंच बघायचं होतं.

अकरापैकी आठ प्रकार बंद केले, भाग पिंपरी-चिंचवड, बाणेर, बालेवाडी, हिंजवडी आणि औंधपुरता ठेवला. लीड आठवड्याला पाचवर आल्या. चुकीच्या नंबरांची तक्रार त्याच दिवशी जाऊ लागली. जुन्या ३१ पैकी आठच मुदतीत बसल्या, तेवढ्या बदलून मिळाल्या.

फोन वहिनींकडे गेला, म्हणजे थोरल्याच्या बायकोकडे. वेगळं सिम, वेगळा हँडसेट, सोबत एक वही. लीड आली की आधी व्हॉट्सअ‍ॅप, मग दोन मिनिटांनी फोन. संदेशात व्यवसायाचं नाव, फॉर्ममधला कार्यक्रम आणि एका साध्या हॉलमधला चाळीस सेकंदांचा व्हिडिओ. शार्पीच्या झगमगाटाचा मुद्दाम टाळला; वाढदिवसवाल्याला तो पाहून “आपल्या बजेटचं नाही” वाटायचं.

फोनवर दर शेवटी. “ताई, तारीख कोणती? हॉल की गच्ची? माणसं किती? आणि हॉल किती वाजता बंद होतो?” चौथा प्रश्न वहिनींनी स्वतः घातला आणि तो सगळ्यात कामाचा निघाला. उघड्यावर रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर चालत नाही, निवासी भागात दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा आहे. “बारापर्यंत वाजवाल ना?” असं लॉन्सवर संगीत करणारा विचारतो तेव्हा त्याला आधीच नाही म्हणावं लागतं, नाहीतर भांडण कार्यक्रमात होतं आणि सामान पोलीस चौकीत जातं. उलट, साडेआठला सुरू होणाऱ्या कार्यक्रमाला दीड तासच मिळणार हे सांगितलं की तोच माणूस वेळ अलीकडे घेतो आणि यांच्यावर त्याचा विश्वास बसतो. कंपनीच्या पार्टीला आणखी एक प्रश्न: गाण्यांचा परवाना कोण काढणार? कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये लग्न आणि लग्नाशी निगडित समारंभांना सूट आहे, वाढदिवस आणि कंपनीच्या पार्टीचा त्यात उल्लेख नाही. परवान्याची रक्कम कोटेशनमध्ये वेगळी दाखवायची पद्धत तेव्हापासून पडली.

तारीख नक्की धरायची ती तीस टक्के इसार यूपीआयवर आल्यावर. चोवीस तासांत आला नाही तर तारीख मोकळी. मोठ्या मुहूर्तांच्या तारखा कॅलेंडरवर लाल केल्या. त्या दिवसासाठी लीड साइटच्या गिऱ्हाइकाला पूर्ण दरच सांगायचा.

याच सुमारास ‘ब’वर १०,००० रुपयांचं क्रेडिट घेतलं, जीएसटीसह ११,८००. नियम एकच: वहीत कोरी असलेल्या तारखेचीच चौकशी उघडायची. पहिल्यांदा तुलना केली तेव्हा याच साइटला ‘महाग’ ठरवलं होतं.

गूगल प्रोफाइलवर पत्ता दुरुस्त झाला. प्रत्येक कार्यक्रमानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास रिव्ह्यूची लिंक जायची. रात्री पाठवलेली कुणी उघडत नाही.

मे-अखेरचा हिशेब

जानेवारी ते मे या बावीस आठवड्यांत ‘अ’कडून १०४ लीड, ३१ खरी बोलणी, नऊ सुपाऱ्या. सात वाढदिवस आणि सोसायटीचे कार्यक्रम ५९,५०० रुपयांचे, दोन हळदी ३१,००० च्या. खर्च वजा जाता ५४,३००. पहिल्या दहा आठवड्यांचे १९,३०० धरून ७३,६००. त्यातून पॅकेजचे पूर्ण ४२,४८० गेले, उरले ३१,१२०. त्यातून नोव्हेंबरच्या त्या तारखेचे ९,३०० वळते केले की २१,८२०.

यात वहिनींचा वेळ नाही. भावांच्या वहीतही नव्हता. शनिवार-रविवारसकट फोन सांभाळायला बाहेरची मुलगी महिना ४,००० रुपयांवर ठेवली असती तर पाच महिन्यांचे वीस हजार झाले असते. त्यातला थोडा भाग ‘ब’च्या नावे टाकता येईल, तरी ‘अ’चा नफा कागदावर तरंगतोय हे लपत नाही.

‘ब’वर ३८ नंबर उघडले, १५ खरी बोलणी, सहा सुपाऱ्या. तीन वाढदिवस २७,५०० चे, एक कंपनीची पार्टी २२,००० ची, दोन संगीत ३८,००० चे. एकूण ८७,५०० मधून कामाचा खर्च २७,९०० आणि क्रेडिटचे ११,८०० गेले, ४७,८०० उरले. ‘अ’च्या तेरा कामांनी दिलं त्यापेक्षा हे जास्त आहे. नंबरामागे ३१० रुपये मोजूनही सुपारीमागचा खर्च १,९७० च आला, आणि एकाही कामाने मुहूर्ताची तारीख खाल्ली नाही.

गूगलवरून याच काळात सात कामं आली, १,१२,००० रुपयांची. रिव्ह्यू ४६ झाले होते. यातल्या तिघांनी लीड साइटवरच्या वाढदिवसाला आलेल्या पाहुण्यांकडून नाव ऐकलं होतं. तेव्हा ‘अ’ला थोडं श्रेय द्यायला हवं, पण किती ते रुपयांत मांडता येत नाही.

लॉन्सने आदल्या वर्षी १८ रात्रींत ३,६०,००० रुपयांचं काम दिलं होतं. नव्या सगळ्या वाटांनी मिळून २६ रात्रींत ३,२५,५०० दिलं. खड्डा बराचसा भरला, पण आठ रात्री जास्त जागून.

कुठे वेगळं करता आलं असतं

सर्वांत आधी कॅलेंडर. करारावर सही करण्याआधी मागच्या दोन हंगामांच्या वह्या काढून कोऱ्या राहिलेल्या तारखांवर खुणा केल्या असत्या तर एका संध्याकाळचं काम होतं. त्यातून कळलं असतं की लागणार आहेत पंचवीस-तीस कामं, तीही ठरावीक आठवड्यांत. सहाशे नंबरांची गरज कुणालाच नव्हती.

पॅकेज घ्यायचंच होतं तर तीन महिन्यांचं मागायला हवं होतं. एक्झिक्युटिव्ह आधी नाही म्हणतो, महिनाअखेरीला टार्गेट बाकी असलं की हो म्हणतो. फॉर्म स्वतः भरायचा, हप्त्याचा अधिकार देण्याआधी बदलीची अट वाचायची. आणि फोन कोण उचलणार हे आधी ठरवायचं. ज्या घरात शनिवारी रात्री फोनवर बसणारं कुणी नाही त्या डीजेने या साइटच्या वाटेला जाऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

मुहूर्ताच्या हळदीबाबत मतं वेगळी असू शकतात. हातात दुसरं काही नसताना आलेले चौदा हजार सोडायला छाती लागते. पण त्या तारखेचा दर कमी करायची गरज नव्हती. वीस सांगितले असते तर एक तर ते मिळाले असते किंवा तारीख फोटोग्राफरच्या कामासाठी मोकळी राहिली असती.

फोटोग्राफरांचा मार्ग अर्धवट सोडला गेला. ४२,४८० रुपयांत दोन-तीन चांगल्या फोटोग्राफरांसाठी कामाचे व्हिडिओ नीट शूट करून देता आले असते, डिरेक्टरी साइटसाठी लागणारे फोटोही त्यातच झाले असते. हे काम पुढच्या वर्षावर गेलं.

पुढच्या ऑक्टोबरमध्ये ‘अ’कडून नूतनीकरणाचा फोन आला, या वेळी सवलतीसह. फोन वहिनींनीच घेतला. पूर्ण ऐकून घेतलं आणि विचारलं, “पैसे भरल्यावर लीड उघडायच्या आधी तारीख दिसेल का?”

“नाही मॅडम, पॅकेजमध्ये तसं नसतं.”

त्या दिवशी ‘ब’वर ५,००० रुपयांचं क्रेडिट भरलं गेलं, पौषातल्या शनिवारांसाठी.